ढोसा ऊलाइटमधले अ‍ॅमोनाइट साफ करायला देण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले, कारण याच प्रकरणात मी पोळले आहे. कच्छमध्ये ढोसा ऊलाइट या बारीक गोल दाण्यांच्या खडकाच्या अगदी माथ्यावरच्या थरातून तुम्ही अ‍ॅमोनाइट आणलेत, म्हणजे गुंडाळीसारख्या शिंपल्याच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. एक कार्यालय म्हणतंय, ठेवून जा, साफ करून नाव सांगू. द्यावेत का? माझं मत: आत्ता मुळीच नाही. आधी नोंदी पुऱ्या करा.

मी प्राध्यापक नाही, हौशी आहे, तेव्हा जाणकारांनी चुकलं तिथे दुरुस्त करावं. जुरासिक, अ‍ॅमोनाइट वगैरे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडून देते.

माझ्याकडे त्याच थरातला तळहाताएवढा एक नमुना होता. खालच्या बाजूच्या कडा धारदार, शाबूत. वरची बाजू मात्र झिजून जवळजवळ सपाट झालेली, तिच्यावर बारीक भोकं, आणि त्या झिजलेल्या भागालाच चिकटलेल्या समुद्री किड्यांच्या पांढऱ्या वळवळीत नळ्या. पोटाशी गंजाच्या रंगाचे ऊलाइटचे दाणे असलेला थोडा खडक. खडकातून काढण्याआधी मी पेन्सिलीने वरच्या दिशेचा बाण केला होता.

आता हे वाचायचं कसं? प्राणी मेला, गाळात गाडला गेला, शिंपल्यात गाळ भरून घट्ट झाला. मग प्रवाहांनी वरचा गाळ धुऊन नेला आणि तो कडक गोळा तळावर अर्धा उघडा पडला. उघडी बाजू झिजली, जीवांनी ती पोखरली, किड्यांनी तिच्यावर घरं केली. पुन्हा गाळ साचला तो फार नंतर. म्हणजे साधारण 16 कोटी वर्षांपूर्वी इथल्या समुद्रतळावर पाणी तर होतं, पण गाळ साचतच नव्हता. म्हणूनच हातभर जाडीच्या त्या थरात लाखो वर्षं दाबून बसली आहेत. त्याच्या खालचा शेल, म्हणजे पापुद्र्यांचा मऊ खडक, शांत पाण्यात बसलेल्या चिखलाचा. त्याहून खालचा सोनेरी ऊलाइट हलत्या पाण्याचा, दाणे लोळत राहिले आणि त्यांच्यावर लेप चढत गेले. वर जाल तसा समुद्र मागे हटतो, आणि भूज वालुकाश्मात नद्यांची वाळू आणि झाडपाला सापडतो. समुद्र असा थराथरांतून कळतो. एकटा अ‍ॅमोनाइट हातात घेऊन फार तर वयाचा अंदाज बांधता येतो.

त्या कार्यालयातल्या माणसाने माझा नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला, ब्रशने घासला आणि पॉलिश केला. प्रदर्शनात चांगला दिसावा म्हणून. किड्यांच्या नळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या, त्या गेल्या. दाणे गेले, बाण गेला. सोबतच्या चिठ्ठ्या बाजूला काढून तीन वेगळ्या ठिकाणांचे नमुने एकाच ट्रेमध्ये, वर पट्टी: 'कच्छ, जुरासिक'. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, ओळख तर पटली ना?" पटली. पेरिस्फिंक्टेस, अ‍ॅमोनाइटचाच एक प्रकार. ते नाव कुठल्याही चांगल्या फोटोवरूनही कळलं असतं. मला अजून राग येतो, आणि तो त्या एका माणसापेक्षा नाव लागलं की काम संपलं असं मानणाऱ्या पद्धतीचा आहे.

नोंदींची किंमत पाहायची तर कच्छचाच इतिहास बघा. इथल्या थरांची पच्छम, चारी, कटरोल, उमिया ही विभागणी भूशास्त्रज्ञ स्टॉलिच्का यांची. त्यांनी जमवलेले नमुने थरांशी जोडलेले होते, म्हणून जीवाश्मतज्ज्ञ वागेन यांना 1873 ते 1875 दरम्यान त्यांवर ग्रंथ लिहिता आला. पुढे 1977 मध्ये भूशास्त्रज्ञ बिस्वास यांनी झुरियो, जुमारा, झुरान, भूज अशी खडकांवर आधारलेली मांडणी केली. तुमच्या वहीत यातली कुठलीही नावं चालतील, फक्त दोन्ही मांडण्यांची सरमिसळ नको.

तर आता करायचं ते. प्रत्येक नमुन्याचे सगळ्या बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका, तो वाळला की त्यावर शाईने क्रमांक. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका. तोच क्रमांक वहीत: ठिकाण, खाली कोणता खडक, वर कोणता, कोणती बाजू वर होती. नाल्यात किंवा उतारावर सैल सापडलेले तुकडे वेगळ्या पिशवीत, 'सैल' असं लिहून. ढोसाचा थर टणक, तो डोंगराच्या कडांवर टिकतो आणि त्याचे तुकडे खालच्या जुन्या शेलवर घरंगळतात, तिथेच नवखे फसतात. चिकटलेला खडक काढू नका. सुटलेला कपचा असेल तर जपा, त्याचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली दाणे बघता येतात.

एवढं झालं की द्या, पण पोचपावतीवर क्रमांक आणि 'आम्ल किंवा पॉलिश न करता' हे शब्द लिहून घ्या. तयार नसतील तर दुसरीकडे विचारा. एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात थरांवर काम करणारं कुणी असेल तर माझी पसंती त्यांना. आणि पुढच्या वेळी रणाच्या काठाकडे जाणार असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा, परवानगीचं स्थानिक पोलिसांना आधी विचारा, सरहद्दीजवळचे नियम बदलत असतात.

झिजलेल्या बाजूचा जवळून घेतलेला फोटो इथे टाकाल का? नळ्या आहेत का ते बघायचंय.