थर सुटला की आधी जोड बघा, गोंद नंतर

तुमचं ६६ इंची, तीन थरांचं धनुष्य, पाठीला (ओढणाऱ्यापासून लांबच्या बाजूला) बांबू. २२ इंच ओढल्यावर मुठीचा ठोकळा एका टोकाने उचकटला. कोणता गोंद घेऊ, असं विचारलंय. इपॉक्सी चांगलंच आहे, तेच राहू द्या. आधी सुटलेला जोड उजेडात धरा.

एका बाजूला गोंदाचा काचेसारखा थर आणि दुसऱ्या बाजूला कोरं लाकूड असेल, तर गोंदाने लाकूड धरलंच नव्हतं. तेलकट लाकूड असेल तर ६० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, असिटोनने पुसा, वाळलं की लगेच गोंद लावा. घासून चार दिवस ठेवलेल्या पट्टीवर तेल पुन्हा वर येतं.

दोन्ही बाजू कोरड्याच दिसल्या तर शिकंजे फार आवळलेत. इपॉक्सीला दाब नको, नुसती सलग टेकण हवी. सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या साच्याभोवती गुंडाळल्या की दाब सगळीकडे सारखा बसतो, आणि कडेने गोंदाची बारीक ओळ अखंड बाहेर येते. ती कुठे तुटली तर तिथे पोकळी आहे असं समजा.

पण गोंदाला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर गोंद टिकला आणि लाकूड फाटलं. तुमच्या बाबतीत मला हाच संशय जास्त आहे. ठोकळ्याचं टोक जाड ठेवून एकदम संपवलं की बाहू (मुठीच्या दोन्हीकडचा वाकणारा भाग) नेमका तिथेच वाकतो आणि टोक उचकटतं. मधली ४ इंचांची पकड सोडून दोन्हीकडे निदान २ इंच उतार द्या. उताराचं टोक इतकं पातळ हवं की बोटाने दाबलं तर वाकेल.

बाहू शाबूत असतील तर ठोकळा काढा, जुनं इपॉक्सी कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडा आणि नवा ठोकळा बसवा. दुसऱ्या दिवशी शिकंजे काढता येतील, पण ओढायची घाई नको. पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो.

मग पुढचं ओढकाम, म्हणजे ओढून पाहत आणि खरवडत बाहू सारखे वाकवणं. मुठीलगत बाहू जास्त वाकत असेल तर तिथे हात लावू नका, बाहूचा मधला भाग आणि टोकांकडचा भाग पोटाच्या (ओढणाऱ्याकडच्या) बाजूने खरवडा. बांबूची पाठ अजिबात तासायची नाही. खरवडताना जपून, कारण ताठरपणा जाडीच्या घनाने बदलतो: जाडी १० टक्के घटली की ताठरपणा जवळजवळ २७ टक्के जातो. दर वेळी थोडंच काढा, मग २५-३० वेळा अर्धवट ओढून पाहा. ठरवलेल्या वजनापुढे, म्हणजे ओढायला लागणाऱ्या जोरापुढे, एकदाही ओढू नका. पोटावर आडव्या केसासारख्या सुरकुत्या दिसल्या तर बांबू पोटाच्या लाकडाला भारी पडतोय. पुढच्या वेळी बांबूची पट्टी मध्यावर ३ मिमीपर्यंत आणि कडांना त्याच्या निम्मी ठेवा.