मातीची जागा आणि मयतीतले मोबाइल

प्रश्न : मी 76 वर्षांचा, मोर्शी तालुक्यातला संत्र्याचा शेतकरी. आमचं घर महानुभाव पंथाचं. मला अग्नी नको. माझ्याच वावरात, धुऱ्यावरच्या आंब्याखाली माती द्यावी अशी इच्छा आहे. धाकटा तयार आहे. पुण्याचा थोरला म्हणतो, 'मोक्षधामात करू सगळ्यांसारखं. वावरात समाधी झाली तर उद्या ते वावर घेईल कोण?' दुसरं म्हणजे, मागच्या वर्षी आमची मंडळी गेली, तेव्हा नाकात कापसाचे बोळे घातलेला तिचा चेहरा दिवसभर पुतण्याच्या स्टेटसवर होता. माझं तसं होऊ नये. हे मृत्युपत्रात लिहिलं तर पोरांना पाळावंच लागेल का?

उत्तर : काकाजी, पाळावंच लागेल असं नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 2(एच) प्रमाणे मृत्युपत्र म्हणजे आपल्या मालमत्तेबद्दलची इच्छा, आणि देह काही मालमत्ता नाही. शिवाय मृत्युपत्राचं पाकीट आपल्याकडे तेरवी झाल्यावर उघडतात. तोवर तुमचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. गंमत अशी की डोळे किंवा मूत्रपिंड देण्याची इच्छा साक्षीदारांसमोर लिहून ठेवली, तर 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा तिची दखल घेतो. माती कुठे द्यायची याला तसं बळ नाही.

तुमच्या इच्छेत दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करा. अग्नीऐवजी माती, यात कायद्याची अडचण नाही. पंथाची रीतच ती आहे, आणि पंथाचं तीर्थस्थान रिद्धपूर तुमच्याच तालुक्यात असल्यानं गावाला ते नवं नाही. अडेल ते 'माझ्याच वावरात' इथे. सातबारा माझा म्हणजे परवानगी लागत नाही, असं धरून चालू नका. दहन-दफनाच्या जागांची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या कामात येते, आणि जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 खाली अशा जागा सरकारी जमिनीतून राखून ठेवता येतात. गावाची ठरलेली जागा असताना तुम्ही वावर निवडलं, की शेजारचा धुरेकरी विहिरीच्या पाण्याचं नाव काढून अर्ज टाकू शकतो. तो मयतीच्या दिवशीच टाकेल, ही माझी तेवीस वर्षांची वकिली सांगते.

छत्तीसगडचं प्रकरण आठवा. बस्तरमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाला वडिलांना गावातच, निदान स्वतःच्या शेतात तरी पुरायचं होतं. वडील 7 जानेवारी 2025 ला गेले. 27 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली : एकाचं मत शेतात पुरू द्या, दुसऱ्याचं नको. शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती देण्याचे निर्देश झाले. वीस दिवस देह शवागारात. तिथले नियम वेगळे, गावातला विरोधही वेगळा. पण शेताच्या प्रश्नावर एवढ्या वरच्या कोर्टातही एकमत झालं नाही, हे तुमच्या पोरांना दाखवा.

थोरल्याचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. वाटणी झाली आणि आंबा दुसऱ्याच्या हिश्शात गेला, की तुमच्या समाधीवर फूल ठेवायलाही परक्याच्या वावरातून वाट मागावी लागेल. माझं मत विचाराल तर माती गावाच्या दफनभूमीत घ्या, आणि आंब्याखाली नुसता ओटा बांधून ठेवा. पोरं संध्याकाळी तिथे टेकतील.

आता फोटो. इथे कायदा तुम्हाला वाटतो त्याहून दुबळा आहे. खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारसांकडे येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 मध्ये एका दिवंगत अभिनेत्याच्या वडिलांच्या दाव्यात म्हटलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली प्रेताची विटंबना किंवा अंत्यविधीत अडथळा हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. पण भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. पुतण्यानं काकूवरच्या मायेनं स्टेटस ठेवलं. ठाणेदार त्यावर गुन्हा नोंदवणार नाही, आणि नोंदवूही नये. माझ्या मामाच्या मयतीत तिरडी बांधताना एकजण मामीलाच म्हणाला, 'जरा सरका, चेहरा येत नाही.' त्याच्यावर तरी कुठलं कलम लावणार?

इथे कागदापेक्षा माणूस उपयोगी. घर तुमचं आहे, दारात मोबाइल बाहेर ठेवा म्हणायचा अधिकार घरच्यांचा आहे. ते काम एका ठाम माणसाला आजच नेमून द्या. रडणाऱ्या पोरांना त्या दिवशी ते जमणार नाही. एक सूट मात्र ठेवा : कोणी नातेवाईक परगावी अडकला, तर अंत्यदर्शनापुरता एकच व्हिडिओ कॉल, चेहरा नीट पुसून-सावरून.

कागद मृत्युपत्रात नको, वेगळा करा. साध्या मराठीत, एक पान : माती हवी, कुठे हवी, ती जागा मिळाली नाही तर दुसरी कोणती, फोटो नको, आणि शेवटचा शब्द कोणत्या मुलाचा. दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक थोरला असू द्या. सही करताना त्याला तुमच्या तोंडून ऐकावं लागेल. प्रती दोन्ही मुलांकडे, तुमच्या महंतांकडे आणि सरपंचाकडे. तरीही वावराचाच हट्ट असेल, तर गट क्रमांक आणि विहिरीपासूनचं अंतर लिहून ग्रामपंचायतीला आत्ताच अर्ज द्या आणि एक प्रत तहसीलदारांना. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हसून म्हणेल, 'काकाजी, इतकी काय घाई?' तुम्हीही हसा, पण पोचेवर शिक्का मारून घेतल्याशिवाय उठू नका.