पडलेली किल्ली हातात येईपर्यंत

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. माझा चुलतभाऊ व्हीलचेअर वापरतो. दिव्यांगांना मदत करणारे कुत्रे तयार करायचं काम मला करायचं आहे. त्यासाठी पशुवैद्यकीयला जाऊ का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : या कामाला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही. ‘नीट’ देऊन साडेपाच वर्षांत तू जनावरांवर उपचार करायला शिकशील. इथे मात्र कुत्र्याला शिकवायचं असतं, आणि त्याहून जास्त त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला.

पडलेली किल्ली उचलून द्यायला कसं शिकवतात ते बघ. कुत्र्याने किल्लीला नाक लावलं की क्लिकर, म्हणजे दाबल्यावर ‘टिक्’ वाजणारी छोटी डबी, वाजवायचा, लगेच खाऊ. ते पक्कं झालं की तोंडात धरल्यावरच. मग दोन सेकंद, पाच सेकंद धरून ठेवल्यावर. पुढे जमिनीवरून उचलल्यावर, आणि शेवटी तळहातावर ठेवल्यावर. बऱ्याच कुत्र्यांना धातू तोंडात धरवत नाही, म्हणून किल्लीला कापडाची पट्टी बांधायची. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे, दिवसातून तीन-चारदा. नवशिक्यांची चूक होते ती क्लिकच्या वेळेत. कुत्रा किल्ली सोडत असताना क्लिक झाला, तर तो सोडायलाच शिकतो. मग किल्ली दरवेळी हाताच्या वीतभर अलीकडे पडते. खुर्चीतल्या माणसाची अडचण नेमकी त्या वीतभराची असते. सराव खुर्चीत बसूनच कर. तू उभी राहून शिकवलेलं कुत्र्याला बसलेल्या माणसासमोर आठवेलच असं नाही.

परदेशातल्या संस्थांत पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की स्वयंसेवक कुटुंबात जातं, वर्ष-सव्वा वर्षाने प्रशिक्षणाला परततं. भित्रेपणा किंवा खुब्याचा दोष निघाला तर तिथेही कुत्रे गाळले जातात, आणि ते योग्यच आहे.

भारतात या कामाच्या नोकऱ्या अगदी मोजक्या आहेत, त्यामुळे पोटापाण्याची पदवी हाताशी हवी. माझी पसंती ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारपद्धतीला. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती शिकता येते. हात कुठवर पोहोचतो, पकड कुठे सुटते, हे तिथे नीट कळतं. सोबत श्वान प्रशिक्षणाचे तास जमव. ‘सीपीडीटी-केए’ या श्वान प्रशिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसायला तीन वर्षांतला किमान 300 तासांचा अनुभव लागतो.

सुरुवात सुट्टीतच कर, शेजारच्या कुत्र्यावर, त्याच्या मालकाला विचारून. वहीत तारीख, मिनिटं आणि दहापैकी किती वेळा जमलं ते लिही. आठ वेळा जमल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नकोस. आणि दिवसभरात हातून काय काय पडतं ते चुलतभावाला विचार. किल्लीनंतर शिकवायला तीच वस्तू घे.