फॉलआउट हा व्हिडिओ गेम खेळून झालाय, त्याचं टेबलटॉप (टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत फासे टाकून खेळायच्या खेळाचं) पुस्तक घेण्यात अर्थ आहे का?

आहे, पण सोबत बसणारी तीन-चार माणसं असतील तरच.

मोडिफियस या लंडनच्या कंपनीने २०२१ मध्ये फॉलआउटचं नियमपुस्तक काढलं. काळ-जागा चौथ्या गेमचीच: २२८७ सालचं उद्ध्वस्त बॉस्टन आणि आसपासचा मुलूख. त्यामुळे सुरुवातीला बरंचसं ओळखीचंच वाटेल. खरी भर पुढच्या पुस्तकांत आहे. ‘विंटर ऑफ ॲटम’मध्ये अणूची पूजा करणाऱ्या पंथाभोवती अख्खी मोहीम रचलीय. मूळ चौथ्या गेममध्ये हा पंथ येता-जाता भेटायचा.

फासे कसे चालतात? समजा, कुलूप उघडायचंय. तुमच्या पात्राचं पर्सेप्शन (आजूबाजूचं टिपण्याची क्षमता) ६ आणि कुलूप उघडण्याचं कौशल्य ३, म्हणजे बेरीज ९. वीस बाजूंचे दोन फासे टाका; ९ किंवा त्याखाली पडलेला प्रत्येक फासा एक यश. लागतात त्यापेक्षा जास्तीची यशं वाया जात नाहीत, पुढे वापरायचे ॲक्शन पॉइंट म्हणून जमा होतात.

गंमत अशी, की १९९७ चा पहिला गेमच मुळात ‘गर्प्स’ या टेबलटॉप नियमांवर बेतायचा होता. ते फिसकटलं, म्हणून ‘स्पेशल’ हे पात्राचे सात गुण (पर्सेप्शन त्यातलाच एक) जन्माला आले. तेच आता परत टेबलावर आलेत.

एकट्याने वाचायला मात्र घेऊ नका, निम्मी पानं तक्त्यांची आहेत असं वाटेल.