लहान मुलांसह क्रूझ : खोली कोणती घ्यावी?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत मुंबईहून गोव्याला जाऊन परतणाऱ्या क्रूझचे बुकिंग करायचे आहे. आम्ही पाच जण आहोत : मी, पती, पाच वर्षांची मुलगी, चौदा महिन्यांचा मुलगा आणि सासूबाई. एजंटने दोन पर्याय दिले आहेत. पहिल्यात आम्हा चौघांना खिडकीची एक खोली आणि सासूबाईंना दुसऱ्या डेकवर एकटीची खोली मिळते. दुसऱ्यात आम्हाला बाल्कनी असलेला मिनी स्वीट आणि सासूबाईंना आतली खोली मिळते, पण खर्च बराच वाढतो. मुलांच्या दृष्टीने काय योग्य ठरेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही पर्याय बाजूला ठेवून आपण तिसरा मागावा, असे मी सुचवेन. कुटुंबाची विभागणी चार अधिक एक अशी न करता तीन अधिक दोन अशी करावी : आपण उभयता आणि बाळ एका खोलीत, तर मुलगी आजीसोबत शेजारच्या खोलीत. क्रूझवर खोलीचे भाडे दोन माणसे गृहीत धरून ठरवलेले असते आणि एकटा प्रवासी राहिला, तर दुसऱ्या माणसाचे भाडे पूर्णतः वा अंशतः बहुधा त्याच्याच माथी पडते. म्हणजे सासूबाईंच्या एकटीच्या खोलीसाठी आपण जवळजवळ दोघांचे पैसे भरणार आणि दुसरीकडे स्वतः चौघे दाटीवाटीने राहणार. मुलगी आजीच्या खोलीत गेल्यामुळे एकाच खोलीतील तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला मिळणारी सवलत तिच्या बाबतीत हुकते, हे खरे. पण एकटीच्या खोलीचा जादा आकार वाचत असल्याने एकूण हिशेब फारसा बिघडत नाही. दोन्ही रचनांचे लेखी दर मागवून मगच ठरवावे.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. विमानात दोन वर्षांखालील मूल मांडीवर चालते, जहाजावर तसे नसते; तान्हे बाळही खोलीच्या क्षमतेत एक प्रवासी म्हणूनच मोजले जाते. याचे कारण आपत्कालीन व्यवस्थेत आहे. जहाजाच्या प्रत्येक भागातील प्रवाशांना ठरावीक जमण्याची जागा आणि ठरावीक बचावनौका नेमून दिलेली असते, आणि तिथली संख्या भरली की त्या भागात चार बर्थची खोली रिकामी असूनही कंपनी ती दोघांनाच देते. सुटीच्या हंगामात ‘खोली आहे, पण तिसरे माणूस घेता येणार नाही’ असे उत्तर मिळते ते यामुळे. मुले असलेल्या कुटुंबाने बुकिंग लवकर करावे, याचे खरे कारण दरापेक्षा हे आहे.

मुंबईहून ही फेरी करणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधले गेले आणि १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने समुद्रात उतरले. त्या काळातील जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच असत आणि साध्या खोल्या लहान असत. न्हाणीघर धरूनही दहा बाय बाराच्या खोलीएवढी जागा, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. अशा खोलीत ‘चौघांची सोय’ म्हणजे खाली दोन पलंग आणि भिंतीत दुमडून ठेवलेले दोन वरचे बर्थ. रात्री खोली सांभाळणारा कर्मचारी ते उघडून शिडी लावून देतो. पण अनेक कंपन्या सहा वर्षांखालील मुलाला वरच्या बर्थवर झोपू देत नाहीत आणि चौदा महिन्यांच्या बाळाचा तर तिथे प्रश्नच येत नाही. म्हणजे एजंटने सांगितलेल्या खोलीत प्रत्यक्षात आपण दोघांपैकी एकाला शिडी चढावी लागेल, मुलगी खाली झोपेल आणि बाळाचा घडीचा पाळणा उरलेल्या जमिनीवर येईल. तो पाळणा पलंग आणि कपाट यांच्यामध्ये बसवला की न्हाणीघराकडे जायची वाट बंद होते. रात्री दोनला मुलीला शू लागली की आधी झोपलेल्या बाळासकट पाळणा सरकवायचा, मग न्हाणीघराचा उंच उंबरठा ओलांडायचा, आणि शेवटी फ्लशचा जो मोठा सूं असा आवाज होतो, त्याने बाळ जागे होणार. जहाजावर शौचालये हवेच्या दाबावर चालतात. तो आवाज टाळता येत नाही आणि लहान मुले त्याला घाबरतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे.

आता खोल्यांच्या जागेविषयी. मधे दार असलेल्या, म्हणजे कनेक्टिंग, खोल्या मिळाल्या तर त्याहून उत्तम काही नाही. एजंट मात्र ‘शेजारच्या खोल्या’ आणि ‘कनेक्टिंग खोल्या’ सर्रास एकाच अर्थाने बोलतात. जहाजाच्या डेकच्या नकाशावर दोन खोल्यांमधील भिंतीवर लहानशी खूण असते; तो नकाशा मागवून खूण स्वतः पाहावी आणि खोल्यांचे क्रमांक पावतीवर लिहून घ्यावेत. असे दार नसेल तर मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असलेल्या खोल्या घ्याव्यात : एक खिडकीची, दुसरी आतली. माझ्या मते आपल्यासाठी ही रचना फार सोयीची आहे. मुलीला आणि आजीला खिडकीची खोली द्यावी. पाच वर्षांचे मूल काचेला नाक लावून तासभर बसते. बाळाला समुद्र दिसला काय नि न दिसला काय, त्याला दुपारची झोप हवी असते, आणि आतली खोली दिवा मालवला की भरदुपारीही मिट्ट काळोखी होते. रात्रीसाठी तेवढा बॅटरीवर चालणारा छोटा दिवा सोबत न्यावा.

डेक निवडताना मुलांना बोट लागेल का, हा विचार आधी करावा. दोन वर्षांखालील मुलांना सहसा बोट लागत नाही, दोन ते बारा या वयात मात्र हा त्रास सर्वाधिक असतो. म्हणजे आपल्याकडे चिंता बाळाची नव्हे, मुलीची करावी लागेल. जहाज पुढे-मागे झुलते तेव्हा दोन्ही टोके सर्वांत जास्त वर-खाली होतात, आणि ते कुशीवर डोलते तेव्हा वरचे डेक जास्त हलतात. म्हणून जहाजाच्या मध्यभागातील, खालच्या डेकवरची खोली सर्वांत स्थिर, आणि योगायोगाने ती बहुधा स्वस्तही असते. पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्याचा समुद्र एरवी निवळलेला असतो, तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील वादळांचेही महिने आहेत. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ आपल्या कोकणाला ठाऊकच आहे. ऐन वेळी फेरीत बदल झाल्यास पैशांचे काय, तेही बुकिंग करतानाच विचारावे.

मध्यभाग म्हणताना लिफ्टला अगदी खेटून असलेली खोली मात्र नको. तिथे मध्यरात्रीपर्यंत माणसांचा राबता असतो. सासूबाईंसाठी लिफ्ट जवळ हवी आणि आपत्काळात लिफ्ट वापरता येत नाही म्हणून जिनाही जवळ हवा; चार-पाच खोल्यांचे अंतर पुरेसे आहे. नकाशावर आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे, हेही पाहावे. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, आणि खाली नाट्यगृह वा नाचगाण्याची जागा असेल तर बाळाची झोप दहाला सुरू होणे कठीण. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असाव्यात, हे सर्वांत चांगले.

बाल्कनीचा मोह या फेरीसाठी सोडावा. दोन-तीन रात्रींच्या प्रवासात लहान मुलांचे आईवडील तिथे किती वेळ बसणार? त्याच पैशांत शेजारची दुसरी खोली आली तर दुसरे न्हाणीघर मिळते, आणि सकाळी पाच जणांची तयारी करायची असताना त्याची किंमत कळते.

प्रश्न : मे महिन्यात सिंगापूरहून क्रूझ घेणार आहोत. तीन वर्षांची जुळी मुले आहेत. बाल्कनीची खोली सुरक्षित असते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बाल्कनीचे कठडे पुरेसे उंच असतात. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या क्रूझ जहाजांना २०१० च्या कायद्याने किमान ४२ इंची कठडा बंधनकारक आहे. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ३७-३८ इंच असते, त्यामुळे जमिनीवर उभे असताना धोका नसतो. धोका खुर्चीमुळे निर्माण होतो. बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक तिवई असते आणि तिवई हा तीन वर्षांच्या मुलाचा जिनाच. पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्याला सांगून सामान काढून ठेवायला लावावे. दाराची कडी सहसा मुलांच्या हाताबाहेर असते, पण ती दर वेळी लावली जाईल, याची जबाबदारी एकाच मोठ्या माणसाकडे असावी. दुसरी गोष्ट बोटांची. खोलीचे दार आणि बाल्कनीचे दार एकाच वेळी उघडले की वाऱ्याच्या झोताने जड दार धाडकन मिटते; एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम घरच्या सर्वांसाठी करावा.

बाल्कनीचा खरा लाभ मुलांपेक्षा आपल्याला आहे. जुळी साडेआठला झोपली की खोलीतला दिवा बंद होतो, आणि बाहेर बसायला जागा नसेल तर आई-वडिलांना अंधारात फोन पाहत पडून राहावे लागते. चार रात्रींहून मोठा प्रवास असेल आणि खिशाला झेपत असेल, तर या एका कारणासाठी बाल्कनी घ्यायला हरकत नाही. अन्यथा रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातील जहाजांवर काही आतल्या खोल्यांमध्ये बाहेरचा समुद्र थेट दाखवणारा सुमारे ८० इंची पडदा असतो. मुलांना तो आवडतो आणि त्याला कठडा लागत नाही. डिस्नेच्या जहाजांवर बहुतेक खोल्यांत शौचालय आणि स्नानाची जागा वेगवेगळी असते व अनेक खोल्यांत टबही असतो. दोन मुलांना एकापाठोपाठ एक आंघोळ घालणाऱ्यांनी दर पाहताना याचाही विचार करावा. इतरत्र साध्या खोलीत अरुंद शॉवरच असतो; एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाकावा.

प्रश्न : खोलीत बाळासाठी दूध गरम करता येईल का? आम्ही लहान किटली नेणार आहोत. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : किटली नेऊ नये. आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या किटली, इस्त्री आणि तत्सम तापणारी उपकरणे तपासणीतच काढून ठेवतात. विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डाचीही तीच गत होते. गरम पाणी उपाहारगृहात सहज मिळते, म्हणून चांगला थर्मास न्यावा आणि शक्य असल्यास उपाहारगृहाच्या डेकवर जाणाऱ्या जिन्याजवळची खोली मागावी. खोलीतला छोटा फ्रीज अनेकदा जेमतेम गार असतो. औषध ठेवायचे असेल तर आधी लेखी कळवून वेगळी सोय करून घ्यावी. पाळणाही बुकिंगच्या वेळीच मागावा, कारण जहाजावर त्यांची संख्या मर्यादित असते.

प्रश्न : ‘गॅरंटी’ खोली बरीच स्वस्त पडते. घ्यावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुले सोबत असताना घेऊ नये. यात आपल्याला खोलीच्या दर्जाची हमी मिळते, जागेची नाही. क्रमांक कंपनी प्रवासाच्या तोंडावर ठरवते, आणि उरलेल्या खोल्या साहजिकच टोकाच्या, नाट्यगृहावरच्या किंवा नांगराच्या साखळीजवळच्या असतात. दोन खोल्या अशा घेतल्या तर त्या एकाच डेकवर येतील, याचीही खात्री नसते. खिडकी घेतली तरी तिच्यासमोर बचावनौका टांगलेली असू शकते. दोघेच जाणार असाल, तर मात्र पैसे वाचवायचा हा मार्ग वाईट नाही.