ड्रॉइंगमध्ये नसलेली शिम

चिंचवड, रविवार

प्रिय पोरी,

तुझी मेल दोनदा वाचली आणि सोबतची शीट तीनदा. शीट चोख आहे. तुझ्या ई-बाइकची फ्रेम तैवानहून घ्यायची की चीनहून, सुटे भाग आणून चाकणला भाड्याच्या शेडमध्ये जोडणी करायची की अख्खी सायकलच खोक्यात भरून न्हावा-शेवाला उतरवायची, प्रत्येक पर्यायात नगामागे किती सुटतात ते तू पै-पैचं मांडलंयस. खाली लिहिलंस, "काका, फक्त सांगा, कुठल्या ओळीवर खूण करू?" सांगतो. त्याआधी एक जुनी गोष्ट ऐकून घे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत टूलरूम सांभाळायचो, तिथला एक वेल्डिंगचा जॉब परदेशात करून घ्यायचं ठरलं. ड्रॉइंग मीच तपासून दिलं होतं. पहिला लॉट आला तो सगळाच्या सगळा दीड मिलिमीटरने तिरका. तीन आठवडे मेलवर भांडलो. ते म्हणत, फिक्श्चर (वेल्डिंगला जॉब धरून ठेवणारा साचा) तुमच्याच ड्रॉइंगप्रमाणे केलंय. आणि खरंच तसंच होतं. शेवटी स्क्रॅप यार्डात पडलेलं आमचं जुनं फिक्श्चर उचलून आणलं, घासून साफ केलं, तर जॉब जिथे टेकतो त्या एका लोकेटरखाली हॅकसॉ ब्लेडचा तुकडा टॅक मारून बसवलेला. जॉब थंड होताना एका बाजूला ओढ घेतो म्हणून आमच्या वेल्डरने कधीतरी ती शिम, म्हणजे माप जुळवणारी पातळ पट्टी, घातली होती. तो वेल्डर व्हीआरएस घेऊन गावी गेलेला. फोन केला तर म्हणाला, "ती काढली व्हय साहेब तुम्ही?" त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझं होतं.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. समोरचा कारखाना दुसऱ्या लॉटपर्यंत स्वतःची शिम शोधून मोकळा झाला. दोन वर्षांनी त्या जॉबबद्दल त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि नवीन मॉडेल निघालं की आम्हीच त्यांना विचारत होतो, "हे जमेल का हो?" तुझ्या शीटमध्ये एवढाच रकाना नाही: कुठल्या पर्यायात शिम कुणाच्या हातात जाते.

सायकलच्या धंद्यात हे किती मोठ्या प्रमाणावर घडलं ते बघायचं तर शिकागोच्या श्विनचा इतिहास वाच. जर्मनीहून आलेल्या इग्नाझ श्विनने १८९५ साली अडॉल्फ अर्नोल्ड या मांसाच्या धंद्यातल्या माणसाला भागीदार करून ही सायकल कंपनी काढली. पुढे कित्येक पिढ्या अमेरिकन पोरांना पहिली सायकल हवी असायची ती श्विनच, आपल्याकडे हर्क्युलस किंवा अ‍ॅटलससाठी घरात हट्ट चालायचा तसा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे सायकलची मोठी लाट आली. १९७३ मध्ये देशभरात दीड कोटीच्या आसपास सायकली खपल्या. श्विनला मागणी झेपेना, म्हणून थोडा माल जपानहून बनवून घ्यायला सुरुवात झाली. लाट ओसरली, पण बाहेरून माल घ्यायची सवय राहिली.

इथे बहुतेक लोक "स्वस्त मजुरीने घात केला" म्हणून विषय संपवतात. मजुरीचा फरक होताच, नाही कसा. पण शिकागोचा कारखाना ऐंशी वर्षांचा म्हातारा झाला होता, यंत्रं कालबाह्य, आणि मालकांना आपलं काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. त्यांची 'व्हर्सिटी' ही दहा गिअरची सायकल अठरा किलोच्या घरात भरायची. मजबूत म्हणशील तर दगड, पण हलक्या युरोपीय आणि जपानी सायकलींपुढे बैलगाडीच. आणि गंमत बघ, त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही वेडी मंडळी माउंट टॅमलपायसच्या उतारावरून जुन्या, जाड टायरच्या सायकली दामटत खाली आणत होती. त्यांतल्या कित्येक सायकली दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या श्विन होत्या. माउंटन बाइक श्विनच्याच सांगाड्यावर जन्मली आणि श्विनला ती बराच काळ दिसली नाही. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या दुसऱ्याच अमेरिकन कंपनीने 'स्टम्पजम्पर' ही माउंटन बाइक बाजारात आणली, ती जपानमध्ये बनवून घेऊन.

१९८० च्या अखेरीस शिकागोच्या कामगारांनी संप केला. तेवढ्यात दुकानं रिकामी पडू नयेत म्हणून श्विनने तैवानच्या जायंट या सायकल कंपनीकडच्या ऑर्डरी वाढवल्या. नुसत्या ऑर्डरी दिल्या असत्या तर गोष्ट वेगळी. सोबत स्वतःचं तंत्र आणि इंजिनिअरिंगही दिलं. १९८३ पर्यंत शिकागोतलं उत्पादन थांबलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला श्विनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तीन सायकलींपैकी दोन जायंटच्या कारखान्यातून निघत होत्या, आणि जायंटची पाऊण विक्री एकट्या श्विनला होती. मग श्विनला आणखी स्वस्त हवं झालं. १९८७ मध्ये त्यांनी चीनमधल्या शेनझेनच्या कारखान्याशी करार केला. पण जायंट तोवर तयार होती. स्वतःच्या नावाची सायकल तिने १९८६ मध्ये युरोपात आणि १९८७ मध्ये अमेरिकेत उतरवली, आणि तिथला कारभार पाहायला माणूस नेमला तो श्विनच्याच मार्केटिंगचा माजी उपाध्यक्ष. ऑक्टोबर १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव अजून आहे. मालक बदलत बदलत फिरतंय.

यात जायंटने विश्वासघात केला असं मला वाटत नाही. किंग लिऊ या माणसाने १९७२ मध्ये तैवानच्या ताइचुंग भागातल्या दाजिया गावात कारखाना टाकला, तो ईल माशांची शेती वादळात वाहून गेल्यावर. तेव्हा तैवानचा माल म्हणजे हसण्याचा विषय. एका कारखान्याचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसेल याची खात्री नसायची. लिऊ सुटे भाग करणाऱ्यांच्या दारोदार हिंडला आणि सगळ्यांनी जपानी मानकांप्रमाणे मापं ठेवावीत म्हणून त्यांच्या मागे लागला. हे काम रटाळ असतं, पोरी. त्याचे फोटो कुणी काढत नाही. पण पुढे मोठी ऑर्डर आली तेव्हा ती पेलायला एकटी जायंट नव्हती, आजूबाजूला रिम, हब, चेन, पायडल करणारी सगळी पंगत बसलेली होती.

ही पंगत नसली की काय होतं तेही श्विननेच दाखवलं. शिकागो आवरताना त्यांनी मिसिसिपी राज्यात ग्रीनव्हिलला नवा कारखाना टाकला. मजुरी कमी, युनियन नाही, कागदावर सगळं छान. पण सुटे भाग यायचे जपान-तैवानहून, उतरायचे पश्चिम किनाऱ्यावर आणि मग अर्धा देश ओलांडून ग्रीनव्हिलला. कंपनीचं मुख्यालय लांब शिकागोत. एखादा भाग चुकीचा आला की लाइन उभी. तो कारखाना दरवर्षी तोट्यात चालला आणि १९९१ मध्ये बंद झाला. तुझ्या शीटमधली "चाकण जोडणी" ही ओळ वाचताना मला हेच गाव आठवलं. त्या ओळीपुढे तू कंसात "मेड इन इंडिया" लिहून दोन उद्गारचिन्हं टाकली आहेस. एक खोड. तैवानी फ्रेम, जपानी गिअर आणि चिनी मोटर चाकणला नटबोल्टांनी आवळली, तर ती सायकल कुठली हे स्टिकर ठरवत नाही.

तैवानचंही पुढे तेच झालं, हे लोक विसरतात. जायंटने नव्वदच्या दशकात चीनमध्ये कुनशानला कारखाना काढला, बाकीचेही गेले, आणि ज्या तैवानमधून वर्षाला नव्वद लाखांच्या आसपास सायकली निर्यात व्हायच्या तिथे २००३ च्या सुमारास हा आकडा चाळीस लाखांच्या घरात आला. तेव्हा जायंट आणि मेरिडा या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक कंपन्या एकत्र बसल्या, सुटे भाग करणाऱ्यांना सोबत घेतलं आणि 'ए-टीम' नावाचा गट केला. टोयोटाची उत्पादन पद्धत एकत्र शिकायची, स्वस्त माल चीनला जाऊ द्यायचा आणि भारी माल घरी ठेवायचा, असा सरळ हिशेब. त्याच मेरिडाने २००१ मध्ये अमेरिकेच्या स्पेशलाइज्डचा ४९ टक्के हिस्सा विकत घेतला होता. कालचा ठेकेदार आज भागीदार.

आपल्याकडे वळू. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता हे तुझ्या पिढीला माहीत असायचं कारण नाही. आसनसोलला इंग्लंडच्या रॅलेसोबत सेन-रॅले उभी राहिली होती. दोन्ही आजारी पडल्या आणि १९८० मध्ये एकाच कायद्याने दोघींचं राष्ट्रीयीकरण झालं. सरकारने नाव बदललं, ठसा बदलला, पण कारखाने काही सावरले नाहीत. आणि त्या मूळ रॅलेचं नॉटिंगहॅममध्ये काय झालं? १९५१ मध्ये वर्षाला दहा लाख सायकली काढणाऱ्या कारखान्याने १९९९ मध्ये फ्रेम करणं थांबवलं, २००२ मध्ये जोडणीही. तिथल्या जुन्या जागेवर आज विद्यापीठाचा कॅम्पस आहे. पण वरळीतलं काम गेलं ते परदेशात गेलं असं समजू नकोस. आपल्याकडचं काम लुधियानाला गेलं. तिथे छर्रे, स्पोक, रिम, मडगार्ड करणाऱ्यांची ती पंगत होती. हीरोचं नाव १९८६ मध्ये जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनेसमध्ये लागलं, ते या पंगतीच्या जोरावर. फक्त ती पंगत पोलादी, काळ्या, घरगुती सायकलीची. तुला हवी ती अ‍ॅल्युमिनिअमची ई-बाइक हा वेगळा स्वयंपाक.

वेगळा का, तेही सांगतो, कारण तुझ्या प्रश्नांच्या यादीत हे नाही. ६०६१ अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम वेल्ड केली की जोडाशेजारचा धातू मऊ पडतो. मग पूर्ण फ्रेम भट्टीत तापवून झटकन थंड करावी लागते. थंड केल्यावर काही तास ती नरम असते. तेवढ्या वेळात टेबलावर घेऊन, हेड ट्यूब (पुढचा फाटा बसतो ती नळी), बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस बसतो ती जागा) आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस अडकतो ती टोकं) एका रेषेत आहेत का बघून, वाकवून सरळ करायची. नंतर पुन्हा मंद आचेवर पकवायची, तेव्हा ती टी-६ ला, म्हणजे पूर्ण कडकपणाला, पोचते. कारखान्यात गेलीस तर वेल्डिंगचा रोबो दाखवतील, तो बघून खूश होऊ नकोस. भट्टी कुठे आहे, भट्टी आणि अलाइनमेंट टेबल यांच्यात किती तास जातात, आणि टेबलावर जो माणूस उभा आहे तो किती वर्षांचा आहे, हे विचार. भट्टी बाहेरून करून आणतो म्हणाले तर चहा पी आणि निघ.

हे प्रश्न विचारता यावेत म्हणून तुला स्वतः आधी वाईट फ्रेम करावी लागेल. भोसरीत टिग वेल्डिंगची चांगली माणसं आहेत, मी दोघांशी गाठ घालून देतो. दहा फ्रेम करून घे, उभी राहून. पैकी सात तिरक्या होतील. त्या फेकू नकोस, प्रत्येकीवर खडूने लिही कुठे ओढ घेतली ते. मग तैवानला जा. समोरचा माणूस तुझ्या पहिल्या तीन प्रश्नांत ओळखतो की ही बाई कॅटलॉग चाळायला आली आहे की हिने हात भाजून घेतले आहेत. भाव पाच टक्क्यांनी उतरेल असं म्हणत नाही, पण तुझ्या खोक्यात 'बी' ग्रेडचा माल घालताना तो दोनदा विचार करेल.

घडीच्या सायकली करणारी लंडनची ब्रॉम्प्टन बघ. कित्येक सुटे भाग ते बाहेरून घेतात, त्यात तैवानही आलं. पण फ्रेमचं ब्रेझिंग (पितळ वितळवून जोड भरणं) लंडनमध्येच हाताने होतं आणि प्रत्येक ब्रेझर आपल्या जोडावर स्वतःची खूण ठोकतो. घडीची सायकल जिथे मोडू शकते ती जागा त्यांनी घरात ठेवली, बाकीचं जाऊ दिलं. तुझ्या सायकलीत ती जागा कुठली? माझ्या मते बॅटरी जिथे डाउन ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीत, बसते तो खाचा, आपल्या रस्त्यांवर आधी तिथेच चीर जाईल. पण हे मी चष्मा लावून चित्र बघून म्हणतोय.

तेव्हा तुझी खूण. फ्रेम तैवानहून, पहिल्या वर्षी छोटा लॉट, भाव थोडा जास्त पडला तरी. चाकणची शेड ठेव, पण मेड इन इंडियाच्या ठशासाठी नको. चाकं तिथे बांध, ट्रूइंग (स्पोक ताणून चाकाची लचक काढणं) तिथे कर, आलेली प्रत्येक फ्रेम टेबलावर घालून माप आणि मापं वहीत लिही. आणि तो बॅटरीचा खाचा असलेला भाग दोन वर्षांत स्वतः करायचा, असं आजच ठरव. शीटमधला तुझा नफा याने कमी होतो, मी मोजलंय. बाबांना सांगायची वेळ आली तर माझं नाव घे, त्यांचा राग मला नवा नाही.

तू म्हणतेस ती सॅम्पल फ्रेम पुढच्या शनिवारी घेऊन ये. रिक्षात आडवी टाकून आणू नकोस, ड्रॉपआउटमध्ये लाकडी ठोकळा अडकवून आण. बॉटम ब्रॅकेटच्या कटोऱ्या उघडून, आतलं ग्रीस पुसून आण. मापं घ्यायची सपाट सरफेस प्लेट माझ्या गॅरेजमध्ये अजून आहे, काकूंनी तिच्यावर कुंड्या ठेवल्यात, त्या मी आधी उचलून ठेवतो.

तुझा,
काका