बांधावरचे साग व्यापारी जागेवरच ठोक भावाने मागतोय, देऊ का?

एवढ्यात देऊ नका. आधी वनखात्याची तोड परवानगी घ्या आणि सौदा घनमीटरवर करा. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग आहे, म्हणून झाड तुमच्या सातबाऱ्यातलं असलं तरी परवानगी लागतेच. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा. हद्दीवरून शेजाऱ्याशी कुरबूर असेल तर मोजणी आधी करून घ्या, बहुतेक प्रकरणं तिथेच अडकतात. तोडीनंतर ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याचा छाप आणि वाहतूक पास घ्या. त्याशिवाय गाडी हलवू नका.

ठोक भावात, म्हणजे मोजमाप न करता एकरकमी सौद्यात, व्यापारी उभ्या झाडाचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने क्वचितच चुकतो. घनमीटरचा हिशोब सोपा आहे: ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर 1 मीटर, लांबी 3 मीटर असेल तर 0.1875 घनमीटर. भाव मात्र जाडी, सरळपणा आणि आतल्या पक्क्या लाकडावर ठरतो. कोवळ्या सागात बाहेरचं कच्चं पांढरं लाकूडच जास्त निघतं.

खातेदार अनुसूचित जमातीचा असेल तर गोष्ट वेगळी: आदिवासी खातेदारांच्या झाडविक्रीसाठीच्या 1969 च्या कायद्याने झाडं खाजगी व्यापाऱ्याला विकताच येत नाहीत. तोड आणि विक्री वनखातं करतं आणि खर्च वजा जाता रक्कम खातेदाराला मिळते.